हळदीकुंकवावर आळ

दसऱ्यानंतर सलग चौथ्या दिवशी निवृत्ती पिशवी खांद्याला लावून देवळाली कॅम्पातल्या सायबर कॅफेत शिरला, आणि त्याला बघूनच संध्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

कॅफे वडिलांचा, पण सांभाळायची ती. इंटरनेटची नवीन लाइन निवृत्तीनंच जोडली होती, ऐन खंडेनवमीला. तेव्हापासून एक वेबसाइट उघडेल तर शपथ! आणि वणीच्या या शहाण्याचं रोज एकच पालुपद…

“पूजेचं हळदीकुंकू मशिनच्या आत गेलं असणार. लय उधळता तुम्ही.”

“आज पाचच्या आत माझा फॉर्म गेला नाही, तर पुण्याची नोकरी गेली,” संध्या म्हणाली. “मग तुमच्यावर उधळते.”

त्याच्या ‘उद्या नक्की’वर विसंबून ती राहिली होती. आता साडेचार वाजले होते. दुसरा कॅफे गाठायचा, तर नाशिकरोडला पोहोचेपर्यंतच पाच वाजले असते.

निवृत्ती खुर्चीत बसला. वेबसाइटचं नाव न टाकता त्यानं तिचा नुसता आकडी पत्ता टाकून पाहिला… आणि पान झरकन उघडलं.

“म्हणजे लाइन चांगली हाय,” तो पुटपुटला. “नावावरून पत्ता शोधून देणारा सर्व्हर असतो ना, त्याचा नंबर…”

त्यानं सेटिंग उघडलं, खिशातली नंबर लिहिलेली चिठ्ठी काढली. शेवटचा आकडा जुळत नव्हता. तो कानापर्यंत लाल झाला.

“कोणी टाकला होता हा नंबर?”

“मी.”

“डोळे कुठे होते?”

तो चिठ्ठीकडेच बघत राहिला. “तुम्ही… मशिनला कुंकू लावत होता. मोरपंखी साडीत. तिकडं होते.”

संध्याला संतापही आवरेना आणि हसूही. चार दिवस बिचाऱ्या हळदीकुंकवावर आळ, आणि चोर हा!

त्यानं आकडा दुरुस्त केला. बोट मात्र बटणावर अडलं. “फॉर्म गेला, की… पुण्याला जाणार तुम्ही?”

“जाणार.”

त्यानं मान हलवली आणि बटण दाबलं. पाचला सात मिनिटं असताना फॉर्म गेला. त्या क्षणी संध्याला तो मनापासून आवडला. काय करणार, राग धरायला वेळच मिळाला नाही.

“निघतो मी,” पिशवी उचलत तो म्हणाला.

“असे कसे निघता? चार दिवस माझ्या पूजेला नावं ठेवलीत. माफी मागायला रविवारी घरी या.”

“येतो.”

“एकटे नाही,” स्क्रीनवरची नजर न काढता संध्या म्हणाली. “आईवडिलांना घेऊन या.”