टाकीजवळचा हिरवा डाग

"संध्याकाळपर्यंत निलेशला पोलीस नेतील, आणि तेही माझ्या गाडीपायी," जयंतीबाई दारातूनच म्हणाल्या.

शर्मिष्ठाने त्यांना खुर्ची दिली. खाजगी तपासात तिचं मुलुंडमध्ये नाव होतं. तिचा भागीदार धवल याचं नाव फक्त दारावरच्या पाटीवर होतं, आणि तेही खाली, बारीक अक्षरात. त्याला त्याचं वाईट वाटायचं, पण बोलायची सोय नव्हती.

हकीकत साधी होती. जयंतीबाईंची पंचवीस वर्षांची जुनी गाडी सकाळी सोसायटीच्या उतारावरून आपोआप घरंगळली आणि फाटक मोडून थांबली. कोणाला लागलं नाही, हे नशीब. आदल्याच संध्याकाळी निलेश मेकॅनिकने तिच्या ब्रेकचं काम केलं होतं. त्यामुळे ब्रेक निकामी झाले आणि दोष निलेशचा, असं सोसायटीच्या सेक्रेटरी हर्षदने जाहीर करून टाकलं; संध्याकाळी तो पोलिसांत तक्रार देणार होता.

"काल गाडी तुम्हीच लावलीत?"

"मीच. वर, मागच्या भिंतीजवळ, जांभळाखाली. हँडब्रेक ओढला, चाकाला दगड लावला. आमच्याकडे उतार आहे ना, मी कधी चुकत नाही."

डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या सोसायटीत दोघं पोहोचली. गाडी फाटकाला नाक लावून उभी होती. रस्त्याच्या कामाची धूळ तिच्यावर जाड बसली होती. डिकीवर मात्र दोन पंजे लख्ख उमटलेले.

शर्मिष्ठा आत डोकावली. हँडब्रेक खाली होता. तिने तो ओढला.

"धवल, ढकल."

धवलने जोर लावून लावून तोंड लाल केलं. गाडी हलेना.

"ब्रेक झकास आहे," तो धापा टाकत म्हणाला. "म्हणजे काकू ओढायला विसरल्या! झालं, केस संपली."

"तुझी संपली," शर्मिष्ठा म्हणाली.

जांभळाखाली, इंजिन गार ठेवणाऱ्या कूलंटचा हिरवा डाग होता, सुकलेला. दगड भिंतीच्या कठड्यावर नीट ठेवलेला होता. तिथून उताराने खाली आल्यावर, जरा सपाट जागेवर, पाण्याची टाकी. तिच्याजवळ, हर्षदच्या नव्या गाडीच्या पुढ्यात, आणखी एक हिरवा डाग होता. हा अजून ओला होता.

निलेश पायरीवर मान खाली घालून बसला होता. "रेडिएटरला बारीक चीर आहे, ताई. नवा आज येणार होता. गार असताना टिपूस पडत नाही, तापली की गळते. पण ब्रेक मी जीव ओतून केलेत. गॅरेजचं नाव गेलं तर मी खाऊ काय?"

हर्षद तावातावाने आला. "मी घरात होतो, आवाजाने बाहेर आलो. टाकीपासून फाटकापर्यंत धडधडत आली असणार! भंगारात घाला म्हणून किती वेळा सांगितलं!"

जयंतीबाईंची सून श्रुतिका चहा घेऊन आली. सहा महिन्यांपूर्वी लग्न होऊन ती बोरिवलीहून आली होती. "सकाळी वरती पाण्याचा टँकर आला होता, सगळी जागा अडलेली," ती म्हणाली. "आमच्या बोरिवलीला तर रोजच वाट लागते. एकामागे एक गाड्या. न्यूट्रलला सोडायच्या, हँडब्रेक ओढायचा नाही. ज्याला जायचंय तो ढकलतो."

"आणि सकाळी सासूबाई कुठे होत्या?" शर्मिष्ठाने विचारलं.

"योगाच्या वर्गाला." ती घाईघाईने कप वाटू लागली.

शर्मिष्ठाने सगळ्यांना टाकीजवळ बोलावलं.

"गाडी जांभळाखालून घरंगळली असती, तर दगड कठड्यावर चढून बसला नसता. तो कोणीतरी उचलून ठेवला. इथला डाग ओला आहे. म्हणजे गाडी आज सकाळी इथे उभी होती, तीही तापलेली. नुसती ढकलून आणली असती तर गळली नसती. कोणीतरी ती फिरवून आणली. परत येऊन बघते तर वरची जागा टँकरने अडवलेली. मग इथे लावली आणि सवयीने हँडब्रेक न ओढता गेली. उतारावर राहणारं माणूस असं करणार नाही. बोरिवलीचं करील."

श्रुतिकाचा चेहरा उतरला.

"पण ती जागेवर थांबली होती की!" धवल म्हणाला.

"टाकीजवळ जमीन सपाट आहे. गाडी कोणीतरी ढकलली, म्हणून ती पुढच्या उताराला लागली. हर्षदजी, काकूंनी गाडी जांभळाखाली लावली होती. ती टाकीपासून निघाली, हे घरात बसून कसं कळलं? तुमची गाडी अडली होती. तुम्ही हिला ढकललंत, ती हाताबाहेर गेली. डिकीवरच्या पंजांवर हात ठेवून बघायचा का?"

हर्षदने दोन्ही हात खिशात घातले. "एवढीशीच ढकलली हो," तो पुटपुटला. "फाटकाचं मी बघतो."

"आधी निलेशचं बघा," शर्मिष्ठा म्हणाली. हर्षदला माफी मागावी लागली, तीही सगळ्यांदेखत.

श्रुतिका रडवेली झाली होती. "सॉरी निलेशदादा. मी सकाळीच बोलायला हवं होतं, घाबरले. आई, तुम्ही कधी किल्लीला हात लावू दिला नाहीत. मी किती वर्षं गाडी चालवतेय. भांडुपपर्यंतच गेले होते."

जयंतीबाईंनी आधी गाडीकडे पाहिलं, मग सुनेकडे. धवलला वाटलं, आता सुनेची काही धडगत नाही.

"तिसरा गिअर पडला?" त्यांनी विचारलं.

"अडकतो."

"अडकत नाही. जरा आपल्याकडे ओढून मग टाकायचा." त्यांनी पदराला हात पुसले. "सांगायला हवं होतं मी."

संध्याकाळी निलेशने नवा रेडिएटर बसवला. श्रुतिकाने गाडी चालवत वर नेली. शेजारच्या सीटवर जयंतीबाई आयुष्यात पहिल्यांदा बसल्या होत्या.

"हँडब्रेक?"

"ओढला, आई."

जयंतीबाईंनी मान डोलावली, किल्ली तिच्याकडेच राहू दिली, आणि खाली उतरून स्वतः चाकाला दगड लावला.