दाबवाळूचे गुडघे

वाळूचा एक कण. त्यात सिलिकॉनच्या प्रत्येक अणूभोवती ऑक्सिजनचे चार शेजारी.

‘पंगतीत मला एकट्यालाच खुर्ची देतात. वर टांगून ठेवल्यासारखं वाटतं.’ – हणमंत ठोंबरे, दगडखाण कामगार, गुडघे बदलण्याच्या अर्जात.

विद्युतदाहिनी क्रमांक दोन दुरुस्तीसाठी बंद आहे.

चाचणी अहवाल, पान एकेचाळीस. चढण : उत्तीर्ण. उकिडवे बसणे : उत्तीर्ण. मांडी, दहा लाख वेळा : उत्तीर्ण.

*

हणमंतराव सकाळी गेले. दुपारी त्यांची तिरडी एक नंबरच्या दाहिनीसमोर अडली होती, आणि त्यांची बायको गजराबाई डॉ. अरुंधती मोकाशींपुढे उभी होती.

“गुडघे तुम्हीच बनवलेत ना? मग ह्याला सांगा, दार उघड म्हणावं.”

दाहिनीचालक हलला नाही. गेल्या महिन्यात दोन नंबरवरच्या माणसाचा डोळा गेला होता.

दाबवाळू म्हणजे साधी वाळूच. लाखभर वातावरणांचा दाब आणि लोखंड वितळेल एवढी उष्णता दिली, की तिचे अणू चारांऐवजी सहा शेजाऱ्यांत दाटून बसतात. दाबाखालीच झटकन थंड केली, तर दाब काढल्यावरही ती तशीच राहते. पोलादाहून कठीण. अकरा वर्षांपूर्वी तिचे सांधे बसवायला सुरुवात झाली. ज्यांना बसवले, ती माणसं आता कुठे मरू लागली होती.

“तापली की तिला जुनी जागा परत हवी होते, मावशी. सहाशे अंशांना एकदम दीडपट फुगते. स्फोटच.”

“लाकडावर?”

“तो जाळही तेवढाच.”

“मग हळू तापवा. मंद आचेवर.”

“हळू तापवली तर गुपचूप उलटते, खरंय. पण आठवडा लागेल.”

गजराबाईंनी तिरडीकडे पाहिलं.

“पुरता येईल. नाहीतर गुडघे कापून काढावे लागतील.”

“आमच्यात पाळण्यातलं पोर पुरतात. माणूस नाही. एवढी शिकलेली तुम्ही. बघितलं नाही कुणी?”

“चाचण्यांची यादी परदेशातली होती. तिकडे पुरतात. आम्ही तिच्यात मांडी घातली, आपली म्हणून. फार कौतुक झालं. आग कुणाच्या ध्यानातच आली नाही.”

“तुमच्यात जाळत नाहीत काय?”

मोकाशींनी स्वतःच्या वडिलांना अग्नी दिला होता.

“कापा,” गजराबाई म्हणाल्या. “पण पाय नीट बांधा. लोंबायला नकोत.”

पडद्यामागे वीस मिनिटं लागली. बांधायला गजराबाईंनी आपल्या साडीचा पदर फाडून दिला.

तिसऱ्या दिवशी त्यांना दोन गोष्टी मिळाल्या : मडक्यात अस्थी, आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात दोन गुडघे. गुडघ्यांवर ओरखडाही नव्हता.

“ह्यांचं काय करू?”

“नदीत सोडा.”

“विरतील?”

“नाही.”

“कधीच?”

“नदी आटेल, मावशी.”

गजराबाईंनी खोकं परत मोकाशींच्या मांडीवर ठेवलं. “मग तुम्हीच सांभाळा. माझ्यानं एवढं जगणं व्हायचं नाही.”

उठताना त्यांना भिंत धरावी लागली. त्यांचे स्वतःचे गुडघे बदलण्याची तारीख पुढच्या सोमवारची होती. अर्जात आता एक ओळ वाढली आहे : ‘मृत्यूनंतर सांधे कापून घेण्यास माझी संमती आहे.’ खाली त्यांचा अंगठा आहे.

गुडघे बसवल्यावरच्या पहिल्या पंगतीत हणमंतराव मांडी घालून बसले आणि त्यांनी तीनदा भात मागून घेतला.