गोळीनं गेलेलं बीपी

तपासराव खोटं बोलत नसे. त्याला ते शिकवलेलंच नव्हतं. मालवणपासून दूर, समुद्राच्या तळावर उभारलेल्या संशोधन ठाण्यातला तो यंत्रमानव. रोज सकाळी प्रत्येकाच्या दंडाला पट्टा बांधायचा आणि रक्तदाब (वाहणारं रक्त रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर जो जोर देतं तो) किती ते सांगायचा. हल्ली मात्र आबांचा आकडा सांगितला की त्याला हमखास शिव्या बसत, कारण तो आकडा चढतच चालला होता.

आबा म्हणजे समुद्रशास्त्रज्ञ डॉक्टर यशवंत परुळेकर. त्यांची नात शाल्मली सुट्टीला खाली आली होती आणि या कोड्यानं तिचं डोकं पोखरलं होतं. आबा रक्तदाबाची गोळी कधी चुकवत नसत. मीठ बेतानं खात, चालायलाही जात. मग दाब वाढावा कशानं? आणि उद्या तर ते ‘कासव’ नावाच्या पाणबुडीतून खोल दरीत उतरणार होते. अर्धा जन्म त्यांनी या एका दिवसाची वाट पाहिली होती. आकडा उतरला नाही, तर तपासराव पाणबुडीचं दार उघडणार नव्हता.

“मेल्याचा पट्टाच बिघडलाय,” आबा पुटपुटले आणि त्यांनी हातावर रक्तदाबाच्या आणखी दोन गोळ्या काढल्या.

शाल्मलीनं झटकन त्यांचा हात धरला. मनानं औषध वाढवायचं नाही, हे तिला घरी बजावून सांगितलेलं होतं. आबांनी डोळे वटारले, तरी तिनं सोडला नाही. ती घाबरली होती, पण घाबरल्यावर जास्तच हट्टी व्हायचं, हा परुळेकरांचा वाणच होता.

तेवढ्यात तिचं लक्ष शेजारच्या पिवळ्या गोळ्यांकडे गेलं. ही आबांची ‘लक्षाची गोळी’. आबा लहानपणापासून महाविसराळू. चष्मा फ्रीजमध्ये, चहात मीठ आणि वाक्य अर्ध्यावर सोडून तिसरंच काम, असा सगळा कारभार. ठाण्यावर नव्या आलेल्या डॉक्टर नसीम मुकादम यांनी तपासून सांगितलं, की हा आळस नव्हे, मेंदूला लक्ष टिकवायला जड जातं. त्यांनी उत्तेजक औषध (मेंदूला जागं नि एकाग्र ठेवणारं) सुरू केलं. तेव्हापासून आबांची वाक्यं पुरी होत होती. आणि आकडाही तेव्हापासूनच चढत होता. शाल्मलीनं आबांना हाताला धरून सरळ दवाखान्यात नेलं.

डॉक्टर मुकादम ऐकून चाटच पडल्या. बीपी आहे का, असं त्यांनी गोळी देण्याआधी विचारलं होतं, आणि आबा ‘छे’ म्हणाले होते.

“नव्हतंच,” आबा म्हणाले. “गोळीनं गेलं होतं.”

“बीपी सगळ्यांना असतं,” मागोमाग आलेला तपासराव गंभीरपणे म्हणाला. “नसलेला जिवंत माणूस मी अजून तपासलेला नाही.”

आणि रोज काही औषध घेता का, यालाही आबांनी ‘नाही’च म्हटलं होतं. त्यांच्या लेखी सकाळची गोळी हे औषध नव्हतंच. ती चहाच्या आधीची सवय. तेव्हा आकडाही ठीक आला, म्हणून आपणही खोदून विचारलं नाही, हे डॉक्टरांनी मोकळेपणानं कबूल केलं.

मग डॉक्टर शाल्मलीला आणि आबांना ठाण्यातल्या भाजीच्या वाफ्यापाशी घेऊन गेल्या. त्यांनी पाण्याचा पंप जरा वाढवला आणि शाल्मलीला रबरी नळी आवळायला सांगितली. आतला जोर असा वाढला, की नळी तिच्या मुठीत फुरफुरली. उत्तेजक औषध मेंदूला जागं करतं, पण निरोप तिथंच थांबत नाही. हृदय जास्त जोमानं पंप मारतं, रक्तवाहिन्या आवळतात. आबांची रक्तदाबाची गोळी नेमकी त्या सैल करू पाहत होती.

“म्हणजे एक गोळी सोडतेय आणि दुसरी आवळतेय,” शाल्मली म्हणाली. “मग दोन जास्त घेतल्या असत्या तर?”

डॉक्टर म्हणाल्या, दाब एकदम कोसळून चक्कर आली असती, तीही खोल पाण्यात. आणि मनानं गोळी बंद करणंही तितकंच वाईट. रक्तदाबाची काही औषधं अचानक थांबवली, तर दाब उसळी मारतो. ही दोन्ही औषधं कित्येक जण एकत्र घेतात, पण डॉक्टरांना माहीत असतं, मात्रा (औषधाचं प्रमाण) जुळवलेली असते आणि दाबावर नजर असते. आबांचं सगळं नव्यानं जुळवायला हवं होतं. त्याला वेळ लागणार होता.

म्हणजे उद्याची दरी गेली. आबा वाफ्याच्या कट्ट्यावर बसले. त्यांचा पडलेला चेहरा बघून शाल्मलीला रडूच आलं. तिला वाटलं, आपण तो हात धरलाच नसता, तर.

दुसऱ्या दिवशी ‘कासव’ आबांच्या सहकारी मंदाकिनी तांडेल यांना घेऊन उतरलं. आबा वर ठाण्यातल्या संपर्कयंत्राशी बसून त्यांना वाट सांगत होते. अंधारात मंदाताईंना खोल पाण्यातल्या जिवांचे निळे ठिपके चमकताना दिसले, तेव्हा ते कसे हलतात, हे आबांनी पुन्हा पुन्हा विचारलं. शाल्मलीनं हळूच विचारलं, माझ्यावर रागावलात का.

त्यांनी तिला जवळ ओढलं.

“दरी कुठं पळून जातेय, बाय?” ते म्हणाले. “ती बघायला मी तर राहिलो पाहिजे. पुढच्या खेपेला दोघं जाऊ.”

त्या संध्याकाळी शाल्मलीनं तपासरावला नवा प्रश्न शिकवला. यापुढे तो कुणालाही बीपी आहे का, असं विचारणार नव्हता. तो विचारणार होता, “सकाळपासून रात्रीपर्यंत तोंडात कोणकोणती गोळी जाते, सवयीचीसुद्धा?” आबांनी पहिलं उत्तर दिलं, आणि दोन्ही गोळ्यांची नावं स्पष्ट, न विसरता सांगितली.