जिथे ताण, तिथे वाढ

चिपळूणच्या प्रयोगशाळेत विश्राम तोरसकर कयाकमध्ये वाळूची पोती रचत होता आणि त्याची बायको, डॉ. हेमांगी, हाताची घडी घालून ते बघत होती.

"आपल्याला वाशिष्ठीतून दाभोळला जायचंय, विश्राम. वाळू विकायला नाही."

"भारचाचणी आहे ही. वाहतूक सुरू होण्याआधी मी प्रत्येक पुलाची घेतलीय. माझा एकही पूल पडला नाही."

"पडला नाही, आणि जागचा हललाही नाही. होडीनं हलायचं असतं!"

विश्राम नुकताच निवृत्त झालेला पूल-अभियंता, हेमांगी हाडांची शास्त्रज्ञ. दोघं कॉलेजपासूनची, त्यामुळे भांडणंही अजून वर्गमित्रांसारखीच चालत. समोरची दुधी रंगाची, दोघांना पुरेल अशी कयाक म्हणजे हेमांगीचं आयुष्यभराचं काम. ती बांधलेली नव्हती, अस्थिवल्क नावाच्या हाडासारख्या जिवंत पदार्थातून वाढवलेली होती. चार रबरी ठोकळ्यांवर ती निवांत टेकली होती, आणि हात लावला तर किंचित कोमट लागे.

"मला एकदा नीट सांग," विश्राम म्हणाला, "माझ्या काँक्रीटपेक्षा तुझ्या या अस्थिवल्कात वेगळं काय?"

"तुझा खांब पहिल्या दिवशी मजबूत, मग झिजत जाणारा. हाड तसं नसतं. धावणाऱ्याचं हाड जाड होतं, अंथरुणाला खिळलेल्याचं विरळ होतं. जिथे ताण पडतो तिथे पेशी भर घालतात, जिथे पडत नाही तिथली काढून घेतात. अस्थिवल्क हेच करतं. फक्त हाडाला जिथे महिने लागतात, तिथे याला दिवस पुरतात."

"आणि भर घालायला माल कुठून आणतं?"

"खाऱ्या पाण्यातून. इथे आपण फवारा मारतो. खाडीत त्याला पंगतच!"

पूरनिवारण समितीला बचावनौका म्हणून अशा कयाक हव्या होत्या. पुढच्या महिनाअखेरीस समिती दाभोळच्या धक्क्यावर हजर राहणार होती. कयाक तिथे पोचली तर प्रकल्प मंजूर, नाहीतर कायमचा बंद. प्रवास तीन-चार दिवसांचा, रात्री काठावर तंबू. हेमांगी तर उद्याच निघायला तयार होती.

पण विश्रामची तयारी संपेना. कुळथाचं पीठ झालं, भाजणी झाली, मेतकूट झालं. मग एक स्टोव्ह बिघडला तर, म्हणून दुसरा आला. जलरोधक पिशव्यांना जलरोधक पिशव्या आल्या. रोज सकाळी तो आणखी एक पोतं चढवी आणि म्हणे, "आजचा दिवस टिकली तर उद्या निघू." खरं कारण त्याने कधी सांगितलं नाही. जन्मभर नद्यांवर पूल बांधले, पण पोहायला तो शिकला नव्हता. त्यात वाशिष्ठीला मगरी.

अखेर हेमांगी म्हणाली, "उद्या पहाटे मी निघतेय. तू पुलावरून टाटा कर."

हे मात्र विश्रामला लागलं. पहाटे तो लाइफ जॅकेट घालूनच प्रयोगशाळेच्या अंगणात उभा होता.

दोघांनी वाळू उतरवली, कयाक ठोकळ्यांवरून उचलली आणि जमिनीवर ठेवली. ती ठोकळ्यांवर होती तेवढीच उंच राहिली.

विश्रामने वाकून पाहिलं. कयाकला पाय फुटले होते. चार. आखूड, जाडजूड, खाली पसरट तळवे असलेले.

"होडीला पाय कसे गं?"

"महिनाभर तिच्यावर वाळू कुणी रचली? ताण कुठे पडला? ठोकळ्यांवर. तिची समजूत झाली, की आपल्याला जन्मभर उभंच राहायचंय. तुझ्यासारखं. काठावर."

"करवतीनं काढूया?"

"जिवंत आहे ती. कापलं तिथे गाठ धरेल. पाण्यात चल. तिथे पायांवर ताण नाही, आपोआप जिरतील."

गोवळकोटच्या धक्क्यावर दोघांनी कयाक पाण्यात उतरवली, तेव्हा जाळी आवरणारी माणसं "मगर! मगर!" करत वर पळाली. पुढे चिखलात ऊन खात पडलेल्या खऱ्या मगरीने मान वळवून तो पांढरा, चार पायांचा प्रकार पाहिला आणि घाईघाईने पाण्यात सरकली. हेमांगी वल्हं सोडून हसली. विश्राम हसला नाही. त्याने दोन्ही मांड्या कयाकच्या काठाला गच्च दाबून धरल्या होत्या.

पाय खरोखरच जिरत गेले. कयाक हलकी झाली, सरळ धावू लागली. "बैठक काय छान जमलीय," असंही विश्राम बोलून गेला. रोज संध्याकाळी उतरताना त्याला जरा जास्त जोर लागे, पण त्याचा दोष तो गुडघ्यांना आणि थालीपिठांना देई. शेवटच्या दिवशी समुद्राच्या लाटा आत येऊ लागल्या. त्याने डोळे मिटले आणि होती नव्हती तेवढी ताकद मांड्यांत आणली.

दाभोळला टाळ्यांचा कडकडाट झाला. हेमांगी धक्क्यावर चढली. समितीच्या अध्यक्षा डॉ. सामंतांनी हात पुढे केला, "या तोरसकर, वर या."

विश्राम उठला. त्याच्याबरोबर कयाकही उठली. तो पुन्हा बसला.

हेमांगीने वाकून पाहिलं. कयाकचा काठ दोन्ही बाजूंनी वाढून त्याच्या मांड्यांवर पट्ट्यासारखा बसला होता.

"अख्खा प्रवास मांड्या दाबून बसला होतास?"

"जरा."

"मगरींमुळे?"

"पाण्यामुळे," विश्राम हळूच म्हणाला. "मला पोहता येत नाही, हेमांगी."

तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

डॉ. सामंतांनी चष्मा सारखा केला. "बचावनौकेत माणूस पक्का बसतो, हे सिद्ध झालं. उतरतो, हेही दाखवा. मग सही करते."

"उतरेल," हेमांगी म्हणाली. "ताण थांबला की काठ मागे सरेल. फक्त याला दोन-तीन दिवस पाण्यावर अगदी सैल बसावं लागेल." आणि ती पुन्हा कयाकमध्ये उतरली. "आम्ही चिपळूणला परत जातोय. तुम्ही तिकडेच या."

भरती लागली होती. धक्का मागे पडला. विश्रामने आधी एक गुडघा सैल सोडला, मग दुसरा. कयाक डुलली, पण बुडाली नाही. बऱ्याच वेळाने त्याने हात बाहेर काढून बोटं पाण्यात सोडली.

"सावकाश वल्हव," तो म्हणाला. "मला उतरायची घाई नाहीये."