मागून आलेले दोन ठोके

बस जरा. दिवा इकडे सरकव, वारं लागतंय त्याला.

मी गवंडी माणूस. विटेवर वीट ठेवायची आणि घरी यायचं, भुताखेतांशी माझं काय देणंघेणं! त्या दिवशीही कामालाच गेलो होतो. थापी, ओळंबा आणि जेवणाचा डबा घेऊन.

परक्या राजानं शहर जिंकलं, त्याला आठ महिने झाले होते. आमच्या ताईच्या गल्लीनं त्याच्याविरुद्ध उठाव केला. दोन दिवस टिकला बिचाऱ्यांचा. आता हा सगळ्यांना फासावर चढवणार, असं वाटलं होतं. त्यानं आवाजही चढवला नाही. ती गल्ली शहरात नकोच, म्हणाला. दोन्ही तोंडं विटांनी बंद करा.

पलीकडचं तोंड आधीच बुजवलं होतं. माझ्या वाट्याला अलीकडचं आलं. राजा स्वतः आला होता. चष्मा पुसत मऊ आवाजात बोलायचा.

"आतली माणसं पहाटेच गाड्यांतून हलवली. आत कुणी नाही. तेव्हा तुला काही ऐकू येणार नाही. घरी मुलं आहेत ना?"

"दोन आहेत, हुजूर."

"मग नाहीच येणार."

ताई गाडीत बसून गेली असेल, असं मी मनाला बजावत राहिलो. तिला गाडीत चढताना कुणीच पाहिलं नव्हतं.

आमच्या बाबांची एक रीत होती. भिंतीच्या पुढून ते, मागून ताई. मागचे सांधे ती अंगठ्यानं भरायची. शेवटची वीट ठेवली की बाबा थापीच्या मुठीनं तीनदा ठोकायचे. मागून दोन ठोके आले, तर वीट सरळ बसली. एकच आला, तर काढा आणि पुन्हा बसवा. मला ती कायम एकच द्यायची. "तुझ्या भिंतीला पोट सुटलंय रे," म्हणायची आणि हसत सुटायची.

भर दुपार होती, पण रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. ओल्या चुन्याचा वास नाकात बसला होता. मी परांचीवर उभा, जमिनीपासून दोन पुरुष उंच. शेवटची वीट ठेवली आणि सवयीनं हात चालला. ठक्, ठक्, ठक्.

मागून... दोन ठोके आले.

अगदी माझ्या छातीसमोरून. आणि मागे परांची नव्हती.

"काही ऐकलंस?" राजानं खालून विचारलं.

"नाही, हुजूर..."

एक ठोका आला असता, तर मी ती वीट काढली असती. मुलांचं काय व्हायचं ते होवो, काढलीच असती. ताईला ते ठाऊक होतं, म्हणून तिनं दोन दिले. जन्मात पहिल्यांदा दिले.

नऊ वर्षं तिथं पहारा होता. राजा गेला, तेव्हा भिंत फोडायला मीच पुढे झालो. खिंडार पाडून आत शिरलो. हाड नाही, चप्पल नाही. घरांना बाहेरून कुलपं. खरंच हलवलं होतं म्हणायचं सगळ्यांना... जरा हायसं वाटलं आणि मी मागे वळलो.

एका बाजूनं बांधलेल्या भिंतीचा चुना मागे ओबडधोबड लोंबत राहतो. हिचा कुठेच लोंबत नव्हता. पायापासून पार वरच्या विटेपर्यंत एकेक सांधा अंगठ्यानं गुळगुळीत भरलेला होता.

मी माझा अंगठा टेकवला. चुना अजून ओला होता.