न निघालेला धूर

शटर

संध्याकाळी कोंडिबानं शटर वर ढकललं, तेव्हा आतून आधी धूर आला आणि मग शैलेशचं डोकं. शटरला टेकून बसला होता तो. टेकू गेला तसा उताणा कोसळला.

तासाभरात उपनिरीक्षक गौतमी नांदे गावात पोचली.

शैलेश लातूरचा, तिशीतला. कोंडिबाच्या घरामागची ही पत्र्याची शेड भाड्यानं घेऊन तो आणि त्याचा भागीदार निरंजन कचरा जाळायची भट्टी बनवत होते. लहान फ्रिजएवढी, खाली चाकं. हॉस्टेलांतले पॅड, दवाखान्यातले बोळे जागच्या जागी जाळायचे. खालच्या कोठीत कचरा जळणार, वरच्या कोठीत त्याचा धूर. निदान कागदावर तरी. प्रत्यक्षात महिनाभर सगळा धूर धुरांड्यातून गावावर.

"सरळ केस आहे मॅडम," हवालदार एकनाथ म्हणाले. "शटर ओढून भट्टी लावली, गुदमरला. शिकलेली माणसं अशीच मरतात."

गौतमी भट्टीपाशी वाकली. गॅसचा कॉक बंद होता.

"हा कुणी बंद केला?"

"कुणी नाही. कोंडिबा मढं बघून बोंबलत सुटला, तो आत पाऊलसुद्धा टाकेना."

"म्हणजे शैलेशनंच. तेवढी शुद्ध होती त्याला. मग शटर का नाही उघडलं?"

एकनाथांनी प्रेताच्या मुठींकडं पाहिलं. कातडी सोललेली होती. मग शटरच्या बाहेरच्या कडीकडं पाहिलं. कोंडिबा आला तेव्हा ती निघालेलीच होती. पण कुणीतरी आधी घातली होती, आणि नंतर काढली होती.

एकनाथांनी खिशातून वही काढली.

खालची कोठी

प्रश्न : निरंजन, सकाळी इथं होतास?

उत्तर : होतो. वरच्या कोठीला नवा बर्नर बसवला. मग लवळ्याला गेलो. एका हॉस्टेलला भट्टीचे फोटो दाखवायचे होते.

प्रश्न : भांडण?

उत्तर : रोजचंच. मी म्हणायचो, आहे तशी विकू. तो म्हणायचा, धूर दिसला तर ती भट्टी नव्हे, चूल.

प्रश्न : निघताना काय म्हणालास त्याला?

उत्तर : रागात होतो.

प्रश्न : काय म्हणालास?

उत्तर : "मर तुझ्या भट्टीत," म्हणालो.

प्रश्न : शटर?

उत्तर : उघडं होतं. आई शप्पथ उघडं होतं.

प्रश्न : पत्र्याच्या फटी फोमनं बुजवल्यात. कुणी?

उत्तर : त्यानंच. घरमालकीण सारजामावशी वासावरून ओरडायच्या, म्हणून.

प्रश्न : त्यानं फोन का नाही केला कुणाला?

उत्तर : फोन बाहेर, बाइकच्या डिकीत. भट्टीजवळ तापतो.

"घालू का बेड्या?" एकनाथांनी विचारलं.

"उद्या दुपारपर्यंत थांबा."

"दुपारी काय होणार आहे?"

"काही नाही झालं, तर घाला."

धुरांडं

दुसऱ्या दिवशी सकाळी गौतमी कोंडिबाच्या घरी गेली. दारात बूट काढले, पायपुसण्याच्या पोत्यावर पाय घासले, आत शिरली. शेडचं धुरांडं पत्र्यातून वर येत होतं, ते घराच्या गच्चीला अगदी खेटून.

कोंडिबाची बायको सारजाबाई सुपात कुरडया रचत होती. लेकीचं, पिंकीचं, लग्न रविवारी होतं.

"मावशी, काल भट्टी चालू होती?"

"चालू म्हंजे? दिसभर! भसाभसा काळा धूर. ह्ये आसं लोट! पोरीच्या रुखवतात काय मांडायचं मी, कोळसं? मागल्या खेपंच्या कुरडया समद्या काळ्या पडल्या. म्हशीला घातल्या. म्हशीनं बी त्वांड फिरवलं."

"सांगितलं नाही त्यांना?"

"सांगून सांगून घसा बसला. 'मावशी, थोडंच राह्यलंय. मावशी, उद्या धूर दिसनार न्हाई.' लई ग्वाड बोलायचा मेला."

"काल गच्चीवर कोण होतं?"

"मीच की. नवरीला उनात कशाला धाडू?"

पिंकीनं तळलेल्या कुरडयांची ताटली पुढं केली. मोगऱ्यासारख्या फुललेल्या.

"काय पांढऱ्या झाल्यात गं!"

"कालच्याच हायेत, मॅडम," पिंकी लाजून म्हणाली. "एका उनात वाळल्या."

कुरडई गौतमीच्या जिभेवर विरघळली. तिनं ताटली खाली ठेवली.

बाहेर येऊन बूट घालायला वाकली. मोज्याचा तळवा काळाकुट्ट झाला होता. तिनं पोत्याची घडी उलगडली, पाहिली आणि पोतं काखोटीला मारलं.

वरची कोठी

दुपारी सगळे गच्चीवर होते. भट्टीतली राख तपासायला गेली होती. खाली निरंजननं शटर सताड उघडं टाकलं, आधी वरची कोठी तापवली, मग खाली कचरा घातला.

"मावशी," गौतमी म्हणाली, "काल दिवसभर काळा धूर होता म्हणालात. कुरडयाही दिवसभर इथंच, धुरांड्यापासून हातभर. मग पांढऱ्या कशा?"

"वाऱ्यानं तिकडं ग्येला आसंल."

"धूर वर आलाच नाही. तो आत राहिला, शैलेशजवळ." तिनं पोतं उलगडलं. मधोमध जळका काळा गोल होता. धुरांड्याच्या तोंडाला तो तंतोतंत बसला. "ओलं पोतं टाकलं की भट्टी वारा ओढत नाही. वरची कोठी विझते, धूर मागं फिरतो. शैलेशनं गॅस बंद केला, पण आतला कचरा धुमसत राहिला. निरंजनचा हात खालून इथं पोचत नाही, पत्र्यावर चढला तर पत्रा फाटेल. हात पोचतो फक्त या गच्चीवरून. आणि गच्चीवर तुम्ही होतात."

सारजाबाईनं पदर खोचला.

"मंग? पोतंच टाकलं न्हवं? बाहीर यायचं हुतं त्यानं."

"येत होता. उघड्या शटरातून धूर अंगणात यायला लागला, तेव्हा खाली जाऊन शटर कुणी ओढलं? कडी कुणी घातली?"

पिंकीनं आईकडं पाहिलं.

"वाजवत हुता," सारजाबाई म्हणाली. आवाजात राग तसाच. "मावशी, मावशी करत हुता. म्हनलं, कळू दे. धूर नाकातोंडात ग्येला की कसं व्हतंय, ते वाईच कळू दे त्यालाबी. मंग गप झाला. मला वाटलं, आली आक्कल."

"मग?"

"कुरडया पालटल्या. ऊन कलल्यावर पोतं काढलं, कडी काढली. आवाज दिला. ओ दिली न्हाई त्यानं."

"आणि नवऱ्याला शटर उघडायला पाठवलंत."

सारजाबाईनं सुटलेला पदर पुन्हा खोचला.

"पोतं कधी टाकलंत? किती धूर आल्यावर?"

"धूर यायची वाट कशाला बघू? भट्टी पेटल्याचा आवाज आला, की लगीच टाकलं."

गौतमीनं नुसतं बोट दाखवलं.

भट्टी खाली केव्हापासून घुरघुरत होती. धुरांड्याच्या तोंडावर हवा तेवढी थरथरत होती, आणि तिच्यापलीकडचा डोंगर हलत होता. धुराचा एक धागा नव्हता. शेडमधून निरंजनच्या हुंदक्यांचा आवाज आला.

"काल सकाळीच बसवला होता नवा बर्नर," गौतमी म्हणाली. "तुमच्या कुरडया पांढऱ्याच राहणार होत्या."

एकनाथांनी बेड्या काढल्या. सारजाबाईनं हात पुढं केले नाहीत. ती डोळे बारीक करून धुरांड्याकडं बघत होती.

"यील की," ती म्हणाली. "आता यील. थांबा वाईच."

सगळे थांबले. खालची आग विझेपर्यंत थांबले.