शेवटचा सीन सांगायचा नाही

मी जनावरांचा डॉक्टर. उभा जन्म गोंदिया जिल्ह्यातल्या गोठ्यांत गेला. गाय अडलीय म्हणजे नेमकं काय झालंय, हे खांद्यापर्यंत हात आत घातल्याशिवाय मी कधी सांगितलं नाही, आणि सांगितल्यावर सहसा चुकलो नाही. आता पेन्शन खातो, गोंदियाला लागून असलेल्या मुर्रीत राहतो आणि रविवारी दुपारी लीलाधर कटरेच्या राइस मिलमध्ये जुने काळे-पांढरे सिनेमे पाहतो.

रविवारी मिल बंद असते. ऑफिसात कोंड्याचा वास आणि भिंतीवर चुन्याचा पांढरा चौकोन, तोच आमचा पडदा. आमचं मंडळ चौघांचं. लीलाधर माझा शाळूसोबती. योगेश्वरीबाई निवृत्त मुख्याध्यापिका, त्यांच्यासमोर आम्ही अजून ताठ बसतो. आणि सालेकशाहून पॅसेंजरने येणारा दुधराम मडावी, जंगलखात्यातून वनपाल म्हणून सुटलेला.

दरवर्षी दसऱ्याआधी आम्ही सर्वांत थोर दहा सिनेमे ठरवतो. त्यावरून भांडणं इतकी की एकदा लीलाधर पंधरवडाभर माझ्याशी बोलला नव्हता. नियम मात्र कडक. सिनेमा सुचवणाऱ्याने उभं राहून त्यातला एक सीन सांगायचा. मोबाइल बंद. बाकीच्यांपैकी एकाने तरी ‘मी पाहिलाय’ अशी साक्ष द्यायची. साक्ष खोटी निघाली तर सांगणारा आणि साक्षीदार दोघेही मंडळातून बाद. आणि शेवटचा सीन कोणीही, कधीही सांगायचा नाही, कारण एखाद्याने सिनेमा पाहिलेला नसतो.

मागच्या वर्षी दुधरामला मेंदूचा झटका आला. हातपाय वाचले, पण आठवण फाटली. एकदा तो गोंदियाऐवजी आमगावलाच उतरला आणि संध्याकाळपर्यंत बाकावर बसून राहिला. त्याची सून चमेली चांगली बाई आहे, पण तिने बजावलं, की मंडळालाही बाबा जड होत असतील तर यापुढे पाठवत नाही. लीलाधरचंही मत, की या वर्षी त्याला सूट द्यायची नाही, सीन सांगता आला तर राहील. दुधराम स्टेशनच्या वाटेवर माझा हात धरून म्हणाला, “डॉक्टर, इतवारच उरला माह्याजवळ. बाकीचे दिवस खाटेवर पडून राहतो.”

म्हणून आठवडाभर रोज फोनवर मी त्याच्याकडून एक सीन घोकून घेतला. त्याच्या आवडीचा, विहिरीवरचा. रविवारी तो उभा राहिला आणि भलतंच सांगू लागला.

“एक माणूस चुकीच्या टेसनावर उतरते. बाहेर एक बुढी कंदील घेऊन उभी राहते. पोरगा हरवला राहते तिचा. ते म्हणते, आला का बाबू? आन् तो भला माणूस, तिचं मन मोडू नये म्हणून म्हणते, हो माय, आलो.”

एवढं सांगून तो खाली बसला. सिनेमाचं नाव त्याला आठवेना. मी तर असा सिनेमा ऐकलाही नव्हता. झटक्याने त्याचं स्वतःचं आमगाव आणि कुठली तरी गोष्ट एकत्र कालवली असणार, हे निदान मी तिथल्या तिथे केलं. लीलाधरने विचारलं, कोणी पाहिलाय? योगेश्वरीबाई पदराशी चाळा करत राहिल्या. दुधराम माझ्याकडे पाहत होता.

“मी पाहिलाय,” मी म्हणालो.

लीलाधर पक्का. मग पुढचं सांग, म्हणाला. मी बेधडक रचलं. म्हातारी त्या माणसाला भात वाढते. हरवलेल्या मुलाची बायको दारात सूप घेऊन तांदूळ पाखडते आहे. तिचे हात थांबतात. हा आपला नवरा नव्हे हे तिला कळतं. ती नुसती उठून त्याच्या ताटात आणखी वरण घालते. तिच्या डाव्या मनगटावर भाजल्याचा डागही मी मनात रंगवला होता, पण थापेत फार तपशील घालू नयेत म्हणून गाळला. लीलाधरने मान डोलावली. दुधराम राहिला. त्या दिवशी मी स्वतःवर भलताच खूश होतो.

पुढच्या रविवारी चहा ओतता ओतता लीलाधर सहज बोलला, की त्यालाही तो सिनेमा आठवला. लहानपणी दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत, तंबूतल्या टॉकीजमध्ये बापासोबत पाहिला होता.

“ते सून नाही का,” तो म्हणाला, “मनगटावर भाजलेली.”

माझ्या बशीत चहा सांडला. मग मी डोकं चालवलं. चुलीपुढे बसणाऱ्या कोणत्या सुनेचं मनगट भाजलेलं नसतं? उत्तर मला पटलं, आणि एकदा पटलं की मी पुन्हा उकरत नाही.

त्याच्या पुढच्या वेळी योगेश्वरीबाई बोलल्या. गाव एकेक करून त्या माणसाला बघायला येतं. शिंपी हरवलेल्या मुलाचा जुना सदरा घेऊन येतो आणि त्याच्या अंगात घालतो. सदरा अगदी बरोबर बसतो. बाईंनी हे इतकं सुरेख सांगितलं की माझे डोळे भरून आले. मला वाटलं, काय माणसं आहेत ही, दुधरामला सांभाळायला सगळेच खोटं बोलताहेत. निघताना मी बाईंना गाठून तसं म्हणालोही.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. “मी खोटं कशाला सांगीन, डॉक्टर? तुम्हीही पाहिलाय ना?”

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

घरी येऊन मोबाइलवर हवं तेवढं शोधलं. बिननावाचा सिनेमा कुठे सापडणार? शेवटी गंमत म्हणून संध्याला, माझ्या बायकोला, सगळं सांगितलं. ती भेंडी चिरत होती. तिने मानही वर केली नाही.

“पाहिला ना आपण तो,” ती म्हणाली. “लग्नाच्या वर्षी. तुम्ही शेवटी उठून बाहेर निघून गेले होते.”

मी हसलो. ती हसली नाही. मी विचारलं, शेवट काय होता?

“तुम्हीच म्हणाले होते, तो सीन घरात काढायचा नाही म्हणून.”

त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली. ज्यांना विचारावं त्यांच्यासमोर मी तो सिनेमा पाहिलेला माणूस होतो, आणि शेवट सांगण्याला आमच्याकडे बंदी होती. असं स्वतःच बांधलेल्या दाव्याला अडकलेलं जनावर मी तरी पाहिलं नव्हतं.

इकडे दुधराम मात्र सुधारत होता. एकटा येई, बरोबर स्टेशनावर उतरे, विहिरीवरचा सीन तर आता न अडखळता सांगे. चमेलीचा फोन आला, “काका, तुमच्या मंडळानं बाबा परत दिला आमाले.” खरं सांगायचं तर एवढं समाधान मला कुठल्या अडलेल्या गाईनेही दिलं नव्हतं.

दसऱ्याआधीच्या रविवारी निकाल. मी ठरवून गेलो होतो, खरं काय ते सांगून टाकायचं. बिरसीच्या विमानतळावरचं शिकाऊ विमान डोक्यावरून घरघरत गेलं, तोवर सगळे थांबले. मग लीलाधरने विचारलं, पहिला नंबर कोणाला? तिघांचे हात वर गेले. टेसनवाल्या सिनेमाला.

मी तोंड उघडलं. समोर दुधराम ताठ बसला होता. दाढी केलेली, सदऱ्याला इस्त्री, डोळे लख्ख. मी खरं बोललो असतो तर आम्ही दोघेही बाद. मला दुसरे उद्योग होते, त्याला खाट होती.

मी हात वर केला.

योगेश्वरीबाई म्हणाल्या, “शेवट मात्र...” लीलाधरने त्यांना अडवलं, “बाई, नियम.” मग तिघांनी माझ्याकडे पाहिलं आणि मयताच्या घरी पाहावं तशा नजरा खाली घातल्या.

दुधरामला गाडीवर सोडायला गेलो. डब्यात चढता चढता त्याने माझं मनगट धरलं.

“डॉक्टर, आज इतक्यात घरी जाऊ नोका. चाला माह्यासंग सालेकशाले.”

“काऊन?” मी त्याच्याच बोलीत चिडवत कारण विचारलं.

 गाडी सुटली तरी तो दारात उभा राहून माझ्याकडेच पाहत होता.

मुर्रीत पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आमच्या ओसरीवरचा दिवा लागलेला होता. आत फोडणीचा वास, ताट सरकवल्याचा आवाज. पाहुणा आला असेल.

मी फाटक उघडलं. संध्या दारात आली. मला पाहून तिने पदर सावरला.

“बसा ना भाऊ,” ती म्हणाली. “डॉक्टर जेवून राहिले.”

आतून कोणी तरी खाकरलं. “कोण आहे गं?”

आवाज माझा होता.

संध्या माझ्याकडे बघतच राहिली. मला वाटतं, खरा कोण हे तिने ओळखलं. मग ती मान वळवून आत म्हणाली, “चुकून आले बिचारे. टेसनाचा रस्ता विचारून राहिले.”

मी अजून तोंडही उघडलं नव्हतं.